चाकामागचा दगड

"गप. आधी ऐकू द्या."

एवढं म्हणून तो लांब डिसमिसचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आजूबाजूला चार ड्रायव्हर चार रोग सांगत असायचे. एकाला नोझलचा संशय, दुसऱ्याला पंपाचा. हा आपला डोळे मिटून उभा. देवळात माणसं उभी राहतात तसा, असं मी म्हणणार नाही. देवळात माणसं इतकी गप राहत नाहीत.

त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहून आता कोणाचं भलं व्हायचं राहिलेलं नाही. एका जुन्या डिझेल ट्रकचा तो मालकही होता, ड्रायव्हरही आणि मिस्त्रीही. शिरूरच्या बाजूचा कांदा आणि गूळ भरून दौंडच्या रेल्वेच्या मालधक्क्यावर उतरवायचा, येताना खत नाही तर सिमेंट आणायचा. कुरकुंभच्या माळावर तेव्हा कारखाने नव्हते, मेंढरं होती. रस्ता डांबरी होता, पण एका गाडीपुरता. त्या रस्त्याची खडी बहात्तरच्या दुष्काळात मी हातानं फोडलेली आहे, म्हणून तो मला चांगला ठाऊक आहे.

केडगाव यायच्या आधी एक चढ लागतो. त्या चढाच्या मध्यावर, पत्र्याखाली, माझं चहाचं हॉटेल. भरलेला ट्रक तिथंच दमायचा आणि ड्रायव्हर चहाला उतरायचा. आम्ही बौद्ध. गावातले काही लोक तेव्हा माझ्या हातचा चहा घेत नसत. ट्रकवाल्यांना तसलं काही नव्हतं. आणि मला 'आक्का' म्हणणारा, 'तुम्ही' म्हणणारा त्या रस्त्यावरचा पहिला माणूस तो. त्याची वस्ती चढाच्या खाली, माझ्या दारातून दिसायची.

तुम्ही जुने ट्रकवाले पाहिले असतील तर तुम्हाला माहीत असेल, गाडी बंद पडली की माणूस आधी शिव्या देतो, मग पाने काढतो. हा शिव्या देत नसे. धूर बघायचा. काळा असला तर डिझेल जास्त जातंय, निळा असला तर इंजिन तेल खातंय. माझा नवरा दारात बसून विडी ओढत खोकायचा. त्याला हा म्हणाला, "दाजी, धूर निळा यायलाय. इंजिन खोलावं लागंल." नवऱ्यानं विडी विझवली. दुसऱ्या दिवशी परत पेटवली, ती गोष्ट वेगळी.

एकदा मी विचारलं, इतक्या नळ्यांत नेमका बिघाड कुठं ते कळतं कसं? त्यानं मला इंजिनाजवळ उभं केलं. "ऐका हां," म्हणाला, आणि डिझेलच्या एकेका नळीचं नट जरासं ढिलं करत गेला. पहिलं ढिलं केलं, इंजिन अडखळलं. परत आवळलं. दुसरं ढिलं केलं, पुन्हा अडखळलं. चौथं ढिलं केलं आणि काहीच झालं नाही, इंजिन होतं तसंच चालत राहिलं.

"ही बघा. हिला काढली काय, ठेवली काय, फरक न्हाई. म्हंजी हीच आजारी."

मी म्हणाले, "आमच्यातबी हायेत असली माणसं."

त्यावर तो इतका हसला की पाना हातातून पडला.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढं ती लागणार आहे. एक पुण्याकडचा ड्रायव्हर चहाला थांबला होता. सहज बोलता बोलता म्हणाला, "सकाळपासून पट्टा चिरचिर करत होता. न्हावऱ्यापासून बंद झाला, आपोआप बरा झाला बघा." आमच्या माणसानं कपबशी खाली ठेवली, उठला आणि जाऊन त्या परक्या गाडीचं बोनेट उघडलं. पट्टा तुटून पडला होता. पाणी फिरायचं थांबलं होतं आणि इंजिन तव्यासारखं तापलं होतं. अजून थोडं गेलं असतं तर जाम झालं असतं.

"दुरुस्त न करता आवाज बंद झाला की घाबरायचं असतं, लेका," तो त्या ड्रायव्हरला म्हणाला. "वाजतंय तवर बरं असतंय. वाजायचं थांबलं म्हंजी तुटलं."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आक्का, जुनं लुगडं हाय का?"

माझ्या लुगड्याचा काठ फाडून, पिळून, त्याचा त्यानं पट्टा केला. त्याच्यावर ती गाडी रखडत दौंडला पोचली. माझं लुगडं दौंड बघून आलं, मी तोवर बघितलं नव्हतं.

मात्र एका गोष्टीवरून तो भांडायचा. चढावर ट्रक थांबला की मागच्या चाकाला दगड लावावा लागतो, नाही तर गाडी मागं घरंगळते. गाडी सुरू झाली की ड्रायव्हर निघून जातो आणि दगड रस्त्यात राहतो. सगळे तसंच करायचे. इंजिन एकदा लागलं की परत बंद पडेल या भीतीनं कोणी थांबत नाही, आणि क्लीनर तर पळत जाऊन गाडी धरतो. हा मात्र गाडी चढाच्या डोक्यावर नेऊन लावायचा, चालत खाली यायचा, दगड उचलून कडेला टाकायचा आणि परत चालत वर जायचा. दुसऱ्या कोणी दगड सोडला की लांबून ओरडायचा, "ए भल्या माणसा! तुझी गाडी गेली, दगड कोणाच्या बापानं उचलायचा?"

घरात तो, त्याची बायको आणि बायकोचा भाऊ. मूलबाळ नव्हतं. मेहुण्याला दौंडला रेल्वेत खलाशाचं, म्हणजे हाताखालच्या मदतनिसाचं, काम लागलं होतं, म्हणून तो बहिणीकडंच राहायचा. सायकलवरून केडगाव स्टेशनला जायचा, तिथून गाडीनं दौंड. बहीण आई-बापाला एकुलती एक मुलगी आणि हा एकुलता एक मुलगा. तिनं त्याला लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेलं. भाऊबीजेला तिनं ओवाळलं की तो ताटात काय टाकायचा माहीत आहे? स्टेशनवरची गोळ्या-बिस्किटं. आणि ती ताट घेऊन मला दाखवायला चढ चढून यायची.

कांद्याचे दिवस होते. त्याचा क्लीनर लग्नाला गेला होता, म्हणून तो एकटाच होता. माझ्या दारापासून थोडं वर गाडी बंद पडली. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. त्यानं चाकामागं दगड लावले, हातपंप मारून मारून हवा काढली, बुडबुडे थांबेपर्यंत. धक्क्यावर वाघिणी लागल्या होत्या, मालगाडीचे ते डबे वेळेत भरायचे होते, घाई होती. इंजिन लागल्याचा आवाज मी ऐकला. गाडी चढून वर गेली तेही ऐकलं. मी चुलीपुढं होते. माझी चूल भिंतीकडं तोंड करून होती, रस्ता माझ्या पाठीला. त्या दिवशी त्याच्या आधी आणि नंतरही चढावर गाड्या थांबल्या होत्या. हे सगळं मी पोलिसांना सांगितलं होतं, तसंच इथं लिहिते आहे.

दिवेलागणीला बाहेर डबा पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर एक जेवणाचा डबा घरंगळत माझ्या उंबऱ्याला येऊन लागला. तो डबा मी ओळखला, त्याच्या मेहुण्याचा. मग बाहेर धावले.

सायकल उतारावरून वेगात येत होती. त्या वेळेला धड उजेड नसतो, धड अंधार नसतो. पुढचं चाक दगडावर गेलं आणि तो डोक्यावर पडला. माझ्या मांडीवर डोकं घेतलं तेव्हा श्वास चालू होता. तेवढ्यात दौंडहून त्याचाच ट्रक रिकामा परत आला. त्यानं खाली उडी मारली, मेहुण्याला उचललं, केबिनमध्ये निजवलं आणि तशीच गाडी फिरवून दौंडला नेली. नंतर मला म्हणाला, "आक्का, त्या दिवशी इंजिन असलं चाललं, असलं चाललं, की जल्मात कधी चाललं नव्हतं." दवाखाना गाठायच्या आधीच सगळं संपलं होतं.

रस्त्यातला दगड मी उचलून बाजूला फेकला होता. आणखी कोणी पडू नये म्हणून. तेराव्यानंतर तो आला तो चहा घ्यायला नाही.

"आक्का, त्या दगडाला तेल लागलेलं व्हतं का?"

"कसलं तेल?"

"माझे हात तेलकट व्हते त्या दिवशी. मी लावलेला दगड असंल तर तेल लागलेलं असणार."

"मी हात पदराला पुसला. तेल व्हतं का रगात व्हतं, मला कळलं न्हाई."

"मग मी खाली चालत आलो व्हतो का? दगड उचलाया?"

"माझी पाठ व्हती रस्त्याकडं."

"आठवून बघा की."

"आठवायला आधी बघितलेलं असावं लागतं, बाबा. तूच आठव की."

तो बाकावर बसला. "तेच आठवत न्हाई. दर वेळी उतरतो, दर वेळी उचलतो. जे रोज करतो ते कोणाला आठवतंय? वाघिणीचा नंबर आठवतो. हमालानं काय शिवी दिली ती आठवती. दगड उचलला का न्हाई, तेवढं आठवत न्हाई."

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं की उचललास, मी बघितलं. पुष्कळांनी मला तसं म्हटलं. पण माझं खोटं त्याला ऐकू आलं असतं. सहा नळ्यांतली बिघडलेली नळी ज्याला कानानं कळते, त्याला बाईचं खोटं कळणार नाही?

घरी त्याचे हाल वेगळेच होते. बायको रोज शाप द्यायची. नवऱ्याला नाही, दगड टाकणाऱ्या ड्रायव्हरला. भावाची परतायची वेळ झाली की ती चढावर येऊन उभी राहायची, रस्त्याकडं तोंड करून बोटं मोडायची. "ज्यानं माझ्या भावाच्या वाटंत दगड टाकला, त्याच्या घरात दिवा लावाया माणूस ऱ्हाऊ नये. मरताना त्याच्या तोंडात पाणी घालाया कोणी नसावं." पहाटे भाकरी थापतानाही तेच. तव्यावर भाकरी, तोंडात शाप. आणि तो समोर बसून ती भाकरी खायचा.

"एखाद दिवशी सांगून मोकळा हो," मी म्हणाले.

"काय सांगू? मी टाकला म्हणून सांगू, का मी न्हाई टाकला म्हणून? मला ठाऊक असंल तर सांगीन ना."

मग त्यानं जे केलं ते त्याच्यासारख्या माणसालाच सुचावं. एका दुपारी कांद्याची भरलेली गाडी त्यानं चढावर त्याच जागी उभी केली. धडधाकट गाडी. चाकामागं दगड लावले, स्वतःच नळीचं नट ढिलं करून आत हवा घेतली, हातपंप मारून ती काढली, इंजिन लावलं आणि गाडी वर नेली. मी या वेळी चूल सोडून दारात उभी होते. वर गाडी थांबली, दार उघडलं आणि तो चालत खाली आला. दगडांपाशी येऊन उभा राहिला, स्वतःच्या पायांकडं बघत.

पुन्हा दोन-चार वेळा त्यानं तसंच केलं.

"पाय येतात, आक्का," मला म्हणाला. "दर वेळी आपसूक येतात."

"मग त्या दिवशीबी आले असतील."

"आता मला ठाऊक हाय म्हणून येतात. त्या दिवशी धक्क्यावर वाघीण लागली व्हती."

त्यानंतर त्यानं दगड वापरणं सोडलं. बाभळीच्या लाकडाचे दोन गुटके तासले आणि दोराने गाडीच्याच मागं बांधून टाकले. चाकाखाली टाकायचे, आणि गाडी निघाली की गुटके दोराबरोबर आपोआप मागं ओढले जायचे. विसरायची सोयच ठेवली नाही. दुसऱ्या ड्रायव्हरांनी नवल केलं. एकाने तर म्हटलं, "गाडीला घुंगरं बांधली काय हो?" तो हसला नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्याची बायको दर वर्षी पाने, जॅक, डिसमिस सगळं राखेनं घासून पाटावर मांडायची. त्या वर्षी घरात सुतक फिटलं होतं तरी तिचं मन नव्हतं, पण तिनं घासलं. गाडी धुताना तिला ते गुटके दिसले.

पुढचं त्यानंच मला सांगितलं. ती म्हणाली, "हे कवा केलं?"

"उन्हाळ्यात."

"आधी तर दगड लावायचा तुम्ही."

 तिनं दोर हातात धरून बघितला, गाठ बघितली. मग पान्याला लावलं तसं हळदकुंकू त्या दोन्ही गुटक्यांना लावलं, फूल वाहिलं आणि आत गेली. बस. माणूस खोटं बोलेल, गप बसेल. पण कुठं दुरुस्ती केली ते दिसलं की कुठं बिघडलं होतं ते कळतं. ट्रकवाल्याची बायको ती. तिला एवढं कळणारच.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला तेव्हा त्याचा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता असा होता.

"आक्का, ती आज बोलली न्हाई."

"भांडली का?"

"भांडली असती तर काय हवं व्हतं? शाप बंद झालेत. पहाटं भाकरी थापली, गप. काल सांजंला चढावरबी आली न्हाई." त्यानं भरलेली बशी तशीच खाली ठेवली. "आवाज बंद झाला, आक्का. मी काही दुरुस्त केलं न्हाई आन् आवाज बंद झाला."

मला तो तुटलेला पट्टा आठवला. त्यालाही तोच आठवला असणार.

दिवाळीला ती माहेरी गेली, शिरूरच्या अलीकडं, घोड नदीच्या अंगाला. भाऊबीजेला भाऊ नसला तर बाई चंद्राला ओवाळते. तिनं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं म्हणे. पण दिवाळी सरली तरी ती परत आली नाही. हा माल भरायला जाताना तिच्या गावच्या फाट्यावरून जायचा आणि भरून येताना फाट्यावरून यायचा. आत गेला नाही. मी म्हणाले, "जा की, दोन कोस हाय फाट्यापासून." तर म्हणाला, "काय ठाऊक करून जाऊ?"

मग मी गेले. मला कोणी पाठवलं नव्हतं. हॉटेल नवऱ्यावर टाकलं आणि एस.टी.त बसले. स्वतः फोडलेल्या खडीवरून मी पहिल्यांदाच इतकी लांब गेले.

ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी लांबड लावली नाही. म्हणाले, "त्याला सवताला ठाऊक न्हाई त्यानं टाकला का न्हाई. त्याच्यावर राग धरू नको."

तिनं सूप खाली ठेवलं. "राग? आक्का, मी रागानं आले व्हय?"

"मग?"

"सहा महिने मी त्यांच्या तोंडावर त्यांना शाप दिले. त्यांनीच दिलेल्या पिठाची भाकरी थापत दिले. तोंडातनं गेलेला शाप माघारी घेता येतोय का? म्हणलं, आपण घरात असलो तर आपल्याच डोळ्यांदेखत लागंल. लांब गेलं तर चुकंल. म्हणून आले." आणि रडायला लागली.

आमच्यात शापबीप मानत नाहीत. मी तिला सरळ म्हणाले, "येडी का खुळी तू? तू शाप दिलास घरात दिवा लावाया माणूस ऱ्हाऊ नये म्हणून. आन् दिवा लावणारी तूच उठून आलीस. मग शाप कुणी खरा केला?"

ती रडायची थांबली. पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "त्यांना सांगा, येत्या खेपंला गाडी फाट्यावर थांबवा म्हणावं. मी येऊन उभी ऱ्हाते."

तो निरोप घेऊन मी परत आले. एस.टी.त मी एकटीच हसत होते, हे मला अजून आठवतं. आल्या आल्या चूल पेटवली आणि त्याच्या गाडीची वाट बघत बसले. तो शिरूरकडं खेप घेऊन जाईल, माझ्या दारात थांबेल, मी सांगेन. एवढंच काम होतं.

तो आलाच नाही. मी एस.टी.त होते त्याच दिवशी दौंडच्या मालधक्क्यावर गाड्यांच्या रांगेत तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. लोकांना वाटलं झोपलाय. गाडी चालू होती. खूप वेळानं एका हमालाच्या ध्यानात आलं की हा माणूस कधी फुकट डिझेल जाळत नाही, मग इंजिन चालू का? त्यानं दार उघडलं. छातीची कळ होती, म्हणाले. तोंडात पाणी घालायला कोणी नव्हतं. इंजिन मात्र एकसारखं चाललेलं होतं, न अडखळता.

शापानं माणूस मरत नाही. छातीच्या कळेनं मरतो. मी हे तिला मयताच्या दिवशी सांगितलं, नंतरही सांगितलं. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही आणि कधी मानलंही नाही. ती वस्तीवर राहिली. रोज घरात दिवा लावून मग चढावर यायची. तोंडातून शब्द नाही. गाड्यांनी सोडलेले दगड दोन्ही हातांनी उचलायची आणि कडेला ठेवायची. शेवटी वाकता येईना तेव्हा पायानं ढकलायची. आता तीही नाही.

ट्रक विकला गेला. नवीन मालकानं गुटक्यांचे दोर तोडून टाकले, ते आवाज करतात म्हणून.

मी माझ्यापुरतं एक काम केलं. तो गेला त्याच आठवड्यात चूल मोडली आणि दुसऱ्या बाजूला घातली. आता चुलीपुढं बसलं की समोर रस्ता दिसतो. वाऱ्याच्या दिवसांत सगळा धूर तोंडावर येतो, डोळे चुरचुरतात. गिऱ्हाइकं म्हणतात, म्हातारे, चूल उलटी का घातलीस? मी चहा ओतता ओतता चढाकडं बघत असते. एखादा ट्रक थांबून निघतो, वर जातो, आणि मी पातेलं हातातच धरून वाट बघते, कोणी चालत खाली येतंय का.